घरी न आलेला सूर

आधी एक कबूल करा, मधेच हसायचं नाही. तुम्ही हसलात की मी लाजतो, लाजलो की गप्प बसतो, आणि मग ही फजिती अर्धीच राहील. आणि गोष्ट अर्धी ठेवली की काय होतं, ते माझ्याइतकं बारामती-इंदापूर पट्ट्यात कुणालाच ठाऊक नाही. तेच तर सांगायचंय!

मी लाजाळू. किती लाजाळू? भवानीनगरला उतरायचं होतं, पण भरल्या एसटीत "थांबवा" म्हणून ओरडायची लाज वाटली, म्हणून थेट इंदापूरला जाऊन उतरलेला माणूस आहे मी. शाळाही अशीच सुटली. गुरुजींनी विचारलं की उत्तर यायचं, पण ते घशापर्यंत. ओठांपर्यंत यायच्या आत गुरुजी पुढच्या बाकावर गेलेले असायचे. नववीत मीच त्यांना कायमचं मोकळं केलं आणि बारामतीच्या एमआयडीसीत एका डेअरीत दुधाचे कॅन धुवायला लागलो. कॅनशी बोलावं लागत नाही, हे एक बरं!

पण मनात फार असायचं हो. तोंडातून जे निघत नाही, ते बोटांतून तरी निघावं.

ते शिकवलं शशीभाऊंनी. शशीभाऊ बारामतीला तहसील कचेरीत कारकून आणि संध्याकाळी तात्यांच्या बँडमध्ये कीबोर्डवर. आमच्याकडं त्याला 'इलेक्ट्रिक पेटी' म्हणायचे. पुण्याला शिकायला असताना ते ऑर्केस्ट्रात वाजवायचे. त्यांच्या दारात जयंतीच्या गाण्यांची तालीम चालायची आणि मी रस्त्याच्या पलीकडं सायकलची चेन बसवत ऐकायचो. आता रोज एकाच ठिकाणी, तालमीच्याच वेळी कुणाची चेन पडते का? चौथ्या-पाचव्या दिवशी शशीभाऊच बाहेर आले.

"चेन न्हाय पडली तुझी. आत ये."

आत गेलो. मला वाटलं, वही देतील, सा रे ग म लिहून देतील. कुठलं काय!

"डोळं झाक," ते म्हणाले. "डोळं उघडं असलं की कान झोपतो. आता ऐक. हा सा. आन् आता मी कुठं गेलो?"

"गच्चीवर?"

"लका, सुरात कुठं गेलो!"

असा आमचा पहिला धडा. मला सा आणि प मधला फरक कळेना. घरी वडील म्हणाले, "तुझ्या आज्याला कळपातलं एकेक मेंढरू आवाजावरनं वळखू यायचं. रातच्याला कुठलं कोकरू वरडलं, कुणाची आय कुठं हाय, समदं पडल्या पडल्या सांगायचा. आन् तुला सात सूर वळखू येईनात? सातच हायत न्हवं?"

बोचलं मला ते. मेंढरं गेली, शेती आली, पण कान तर घरातलाच ना? लागलो मग ऐकायला. डेअरीतल्या कॉम्प्रेसरची सतत घूं चालायची, तिला सा धरलं. कॅनचं झाकण पडलं, हा गंधार. साहेबाच्या मोटारसायकलचा हॉर्न, हा कोमल निषाद, तोही जरा उतरलेला. कान असा काही उघडला म्हणता, की बंदच होईना! घरी आई ओरडली तर मी म्हणालो, "आई, तू चिडलीस की बरोब्बर पंचमात जातीस." आईनं लाटणं फेकून मारलं. लाटण्याचा सूर मात्र कळला नाही, कारण ते पाठीत बसलं.

मग शशीभाऊंनी खरी गंमत शिकवली. एका वेळी तीन सूर.

"गाणं म्हंजी काय?" ते म्हणाले. "घरातनं निघायचं, हिंडायचं आन् घरी यायचं. सा-ग-प एकदम दाबलं की घर. म-ध-सा दाबलं की शेजारच्याकडं गेलास. आन् हे बघ, प-नि-रे. ह्याला काय म्हनायचं? घराच्या दारात येऊन उभा राहिलास, पन कडी अजून वाजवायची हाय. कळलं? तुला गानं पाठ नसू दे. गानारा कुठं हाय, घरात, शेजारी का दारात, एवढं कानानं वळखायचं आन् त्याच्यासंगं चालायचं. मंग जलमात न ऐकलेल्या गाण्यामागं बी वाजवता येतंय."

असं म्हणून त्यांनी एक साधी चाल वाजवली आणि अगदी शेवटाला आल्यावर प-नि-रे दाबून हात वर उचलला. झालं! दारात उभं करून गेले. मी बसलोय. ते शांतपणे चहा पितायत. अहो, मी, जो एसटीत तोंड उघडत नाही तो मी, मोठ्यांदा ओरडलो, "साऽऽ!"

शशीभाऊ हसायला लागले. "बघितलंस? माणूस दारात उभा राहिला की त्याला आत घ्यावंच लागतं. पन हे मिठावानी वापरायचं बरं का. चिमटीभर."

चिमटीभर म्हणाले होते. माझ्या डोक्यात पोतं राहिलं.

पुढं शशीभाऊंची बदली झाली आणि बँडमधली त्यांची जागा मोकळी पडली. ऐन लगीनसराई तोंडावर. ती जागा आपल्याला मिळावी यासाठी मी नवस बोललो असतो, पण देवापुढंही मोठ्यानं बोलायची लाज. शेवटी शशीभाऊच मला तात्यांकडं घेऊन गेले. तात्या म्हणजे बँडचे मालक, स्वतः ट्रंपेट वाजवायचे. ट्रंपेट तोंडात नसतानाही गाल फुगलेलेच.

तात्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "ह्यो बोलतो का?"

"वाजवतो," शशीभाऊ म्हणाले.

"माझ्या साडूचा पोरगा बोलतो बी आन् वाजवतो बी."

"वाजवतो कसा?"

तात्या ट्रंपेट पुसायला लागले. "बोलतो चांगला," त्यांनी मान्य केलं. मग म्हणाले, "बरं. भवानीनगरला एक लगीन हाय, गोरज मुहूर्ताचं. तितं बसू दे ह्याला. जमलं तर अख्खा सीझन ह्याचा. न्हाय जमलं तर साडूचा पोरगा. मंग माझ्याकडं वशिला घेऊन यायचं न्हाय."

म्हणजे बघा, माझं सगळं त्या एका संध्याकाळवर आलं. जमलं तर बँड. नाही जमलं तर कॅन आणि कॉम्प्रेसरची घूं.

लग्नाच्या दिवशी मी दुपारपासून मांडवात. उसाच्या फडाला लागून मोठा मांडव, पाहुणे म्हणाल तर निम्मा तालुका. तात्यांनी मला बाजूला घेतलं.

"नीट ऐक. मंगलाष्टकं चालू झाली की मागं हलका सूर धरायचा. आजकाल लोकास्नी आवडतंय तसं. कोन गाईल, कसं गाईल, सांगता येत न्हाय. तू संबाळून घ्यायचं. आन् शेवटच्या सावधानला तू भरून सूर दिलास की त्याच्यावर आमी उठनार. ढोल, ताशा, ट्रंपेट, समदं एकदम. तवर कुनी हूं का चूं करनार न्हाय. तुझा सूर म्हंजी आमची खूण."

आणि इथं, मंडळी, माझ्या डोक्यात ती कल्पना आली. अशी कल्पना हुशार माणसाला येत नाही, तिला माझ्यासारखाच लागतो.

मी विचार केला, मंगलाष्टकात दर कडव्याला 'शुभमंगल सावधान' येतं. मग दर सावधानला जर घरी गेलो, तर शेवटच्याची मजा काय राहिली? त्यापेक्षा दर वेळी प-नि-रे! दारात उभं करायचं. अख्खा मांडव दारात तिष्ठत ठेवायचा. आणि शेवटच्या सावधानला धाडकन दार उघडायचं, सा-ग-प! त्यावर ढोलताशा! तात्या जागा तर देतीलच, वर गळ्यातलं ट्रंपेटही काढून देतील!

दिवस कलला. नवरा-नवरी पाटावर उभी राहिली. मधे अंतरपाट, तो धरायला दोन धट्टेकट्टे पाहुणे. पाचशेएक माणसं मुठीत अक्षता घेऊन उभी. भटजींनी पहिलं मंगलाष्टक म्हटलं, मी दबकत सूर धरला, जमला. सावधानला प-नि-रे. वा!

मग नवरीच्या मामांनी माईक घेतला.

बापूराव त्यांचं नाव. कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाड्यांचं वजन करायचे. अंगानं भरदार, मिशा तशाच, आणि आवाज म्हणाल तर भरलेली बैलगाडी चढाला लागल्यावर जसा येतो तसा. पंचक्रोशीतलं एकही लग्न त्यांच्या मंगलाष्टकाशिवाय होत नसे. पण त्यांचा त्रास फार वेळ नसायचा. दोन कडवी झाली की सूर कुठंतरी हरवायचा, दम लागायचा आणि ते आपोआप खाली बसायचे. लोकांनाही ते ठाऊक होतं.

पण त्या दिवशी मागं मी होतो ना!

बापूरावांनी सूर लावला. मी डोळे मिटले. शशीभाऊंची शिकवण, आणि खरं सांगायचं तर एवढ्या माणसांकडं बघायची हिंमतही नव्हती. कान उघडला. बापूराव पेटीच्या काळी दोन पट्टीवर होते. दुसऱ्या ओळीला ते पांढरी तीनवर चढले. मीही मागोमाग चढलो. तिथून घसरले, तर मी आधीच खाली हात पसरून उभा! ते शेजारी गेले की मी शेजारी. ते भलतीकडंच गेले की मी भलतीकडं. जन्मात पहिल्यांदा मी न ऐकलेल्या, न ठरवलेल्या, आणि सूर नावाची गोष्ट ठाऊकच नसलेल्या माणसाच्या संगतीनं वाजवत होतो आणि ते जमत होतं! अंगावर काटा आला माझ्या.

"शुभमंगल सावधाऽऽन!"

प-नि-रे. दारात.

बापूराव थांबले. मांडव थांबला. माझा सूर तसाच तरंगतोय. आता शेवटचं असेल तर कळेलच, मी मनात म्हणालो, ते माईक ठेवतील, मग मी दार उघडतो.

बापूरावांनी दुसरं कडवं घेतलं. तेही त्यांना आठवलं, गळ्यात बसलं, झालं. सावधान! प-नि-रे. मी वाट बघतोय. त्यांनी तिसरं घेतलं. मी म्हटलं, वा, आज मामा रंगात आहेत!

चौथं. पाचवं. मग मी मोजायचं सोडून दिलं.

आता यापुढचं जे सांगतो, ते मला नंतर कळलेलं आहे. कारण माझे डोळे बंद!

लोकं दर सावधानला अक्षता टाकत होती. त्या संपल्या. मग खाली वाकून पडलेल्याच उचलून टाकायला लागली. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी म्हणे खिशातली भाजलेली सुपारी टाकली. अंतरपाट धरलेल्या पाहुण्यांचे हात भरून आले आणि अंतरपाट हळूहळू खाली यायला लागला. आधी नवरीच्या मुंडावळ्या दिसल्या, मग कपाळ, मग डोळे. नवरा-नवरी एकमेकांकडं बघून खुदुखुदु हसायला लागली. भटजी ओरडले, "वर धरा! वर धरा! मुहूर्ताआधी बघू नये!" तर त्यातला एकजण म्हणाला, "म्हाराज, तुमी धरा जरा. मी तवर जेवून येतो."

बापूरावांची पाठ असलेली सगळी कडवी संपली होती. माणूस थांबेल की नाही? पण नाही! त्यांनी तिथल्या तिथं रचायला सुरुवात केली.

"मोठा ट्रॅक्टर लाल रंग चढला, दारी उभा शोभतोऽऽ
ऊसाची करितो कितीक वजने काट्यावरी मी स्वतःऽऽ
बुंदीचे पडले ढिगार पुढती, या जेवुनी जा तुम्हीऽऽ
कुर्यात् सदा मंगलम्, शुभमंगल सावधाऽऽन!"

बसलं हो! वृत्तात बसलं! मला तर आनंदानं रडू यायचं बाकी. कारण ट्रॅक्टरला मी शेजारी गेलो होतो, बुंदीला मात्र एक असा काही हळवा सूर दिला, की मागं एक बाई खरंच डोळे पुसत होती. सावधानला अर्थात प-नि-रे!

भटजी मनगटावरचं घड्याळ बोटानं वाजवून दाखवत होते. "मामा, मुहूर्त! मुहूर्त टळतोय!" बापूरावांनी त्यांना हातानंच 'थांबा' म्हणून खुणावलं. तात्यांचं ट्रंपेट केव्हापासून ओठाला लावलेलं, गाल फुगून कलिंगडाएवढे झालेले, आणि खूण येईना. त्यांनी शेवटी ट्रंपेटचं तोंड माझ्या पाठीत खुपसलं.

मला काय वाटलं असेल? मला वाटलं, तात्यांनी पाठ थोपटली!

मी आणखी खुललो. प-नि-रेच्या डोक्यावर मध्यमही ठेवला, म्हणजे दारात उभा असलेला माणूस आता नुसता उभा नाही, कडी वाजवतोय, हाका मारतोय, पावसात भिजतोय! अख्खा मांडव दारात ताटकळलेला. आणि बापूरावांनी कडवं घेतलं, थेट नवऱ्याच्या आत्याबाईंवर!

तेवढ्यात एक आवाज आला. बारीक, पण असा चढा, की माझ्या कानानं आपोआप नोंद केली, तार सप्तकातला पंचम.

"मामा, बास की वं! पाय मोडलं माझं उभा राहून!"

नवरी! खुद्द नवरी! तिनं अंतरपाट एका हातानं खाली ओढला आणि दुसऱ्या हातानं नवऱ्याच्या गळ्यात हार टाकला. टाकला कसला, फेकला! तो त्याच्या एका कानाला अडकला.

मांडव फुटला. हशा, शिट्ट्या, टाळ्या. मी दचकून डोळे उघडले आणि घाबरून माझे दोन्ही हात धाडकन पेटीवर पडले. बोटांना बिचाऱ्यांना किती वेळाची घरची ओढ! पडली ती नेमकी सा-ग-पवर.

त्यावर ढोल, ताशा, ट्रंपेट, समदं एकदम! तात्यांच्या गालातली इतक्या वेळाची हवा अशी काही सुटली, की पलीकडच्या फडातली पाखरं उठली. भटजी घड्याळ बघत ओरडले, "लागलं! मुहूर्तावर लागलं!" म्हणजे अगदी शेपटीवर, पण लागलं.

मी मात्र ढोलांच्या मागं जाऊन बसलो, गुडघ्यात मान घालून. बुंदीचं ताट आलं, ते तसंच परत पाठवलं. तात्या समोरून दोनदा गेले आणि दोन्ही वेळा माझ्याकडं बघितलं नाही. संपलं. साडूचा पोरगा. मला तर कानात कॉम्प्रेसरची घूंसुद्धा ऐकू यायला लागली.

आणि मग तो बैलगाडीचा आवाज. "कुठं हाय त्यो पेटीवाला?"

बापूराव! मिशा पुसत, बाह्या मागं सारत माझ्याकडंच येत होते. मी उभा राहिलो. म्हटलं, मार खायचा तर उभ्यानं खावा. त्यांनी दोन्ही हातांनी मला धरलं, उचललं, आणि छातीशी असं आवळलं, की माझ्या तोंडातून काळी पाच निघाली.

"पोरा," बापूरावांचे डोळे भरलेले, "आजवर मी सावधान म्हनलं की लोकं 'बास' म्हनायची. आज पयल्यांदा कुनीतरी मागनं म्हनत हुतं, मामा, थांबू नका, अजून येऊ द्या! मला तर थांबायचं हुतं रं. दम लागला हुता. पन तुझी पेटी थांबू दीना! दर येळंला वाटायचं, एवढ्या मनानं मागतंय पोरगं, त्याचा इरस कसा करायचा?"

आता बघा! मी त्यांच्या थांबण्याची वाट बघतोय, ते माझ्या थांबण्याची! 'मामा, मी तुमचीच वाट बघत होतो' हे सगळं वाक्य माझ्या घशापर्यंत आलं. आणि तोंडातून काय निघालं?

"व्हय."

बापूरावांनी मला काखेत मारूनच तात्यांपुढं नेलं. "तात्या, ह्या सीझनला आमच्या भावकीत जेवढी लग्नं हायत, समद्यांची सुपारी तुमाला. पन अट एकच. मंगलाष्टकाला मी, आन् माझ्यामागं ह्यो."

तात्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. लॉटरी लागावी आणि बक्षिसात सासू यावी तसा. बराच वेळ ते गाल फुगवून उभे राहिले. मग हवा सोडली.

"जागा तुझी," मला म्हणाले. "उद्यापासनं ये तालमीला."

तर अशी मला जागा मिळाली. त्या लगीनसराईत मी एकही लग्न चुकवलं नाही आणि बापूरावांनीही नाही. लोक येऊन विचारायचे, "काय हो, हा कुठं शिकला?" मी लाजून खाली बघायचो.

फक्त एवढंच, की मंगलाष्टकं सुरू झाली की तात्या ट्रंपेट काखेत मारून माझ्या मागं येऊन उभे राहायचे, आणि शेवटपर्यंत माझ्या पेटीची लाईटची वायर, मारक्या खोंडाचं दावं धरावं तशी, हाताला दोन वेढे देऊन धरून ठेवायचे.